हरकत क्रमांक सत्त्याऐंशी

कोल्हापूर
(म्हणजे पोस्टमनच्या समजुतीसाठी. प्रत्यक्षात कोल्हापूरच्या पुढे साडेसहा किलोमीटर, पन्हाळा रस्त्यावरच्या फाट्यावरून आणखी आत.)
मंगळवार, दुपारचा चहा व्हायचा आहे

प्रिय रशिदा,

शाळा सुटल्यावर सिस्टर फिलोमिना आपल्याला बसस्टॉपवर उंचीप्रमाणे रांगेत उभं करायच्या, आठवतं? मी सगळ्यांत पुढे आणि तू मागून तिसरी. बस वळणावर दिसली की सिस्टर म्हणायच्या, मुलींनो, घाई नको, सभ्य मुलींची जागा कुठे पळून जात नाही. त्यांची पाठ वळायचा अवकाश, तुझं दप्तर आमच्या डोक्यांवरून उडत खिडकीतून आत. एकदा ते थेट कंडक्टर गणपतरावांच्या मांडीवर पडलं आणि त्यातली चिंच त्यांच्या तिकिटांच्या पेटीत सांडली. "कुणाचं हाय ह्ये? दप्तराचं अर्धं तिकीट घ्यावं लागंल!" असं ते ओरडले, आणि तू सगळ्या बससमोर माझ्याकडे बोट दाखवलंस. मग त्या एका जागेवर आपण दोघी अर्ध्याअर्ध्या बसून घरी गेलो. टाऊन हॉलपर्यंत खिडकी तुझी, तिथून पुढे माझी. त्या दिवशी यापलीकडे काहीही घडलं नव्हतं. तरी गेल्या गुरुवारपासून तो दिवस माझ्या डोक्यातून हलत नाही, कारण तुझ्या त्या दप्तरामुळे मी पासष्टाव्या वर्षी चारचौघांत बदनाम झाले आहे. कशी, ते ओघात येईलच.

आधी रीत. तुला सलाम, तुझ्या चमनभाईंना नमस्कार, आणि तुझ्या सासूबाईंना, अम्मीजानना, माझा आदाब त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन सांग (डाव्या कानाने त्या त्यांना हवं तेवढंच ऐकतात). तुझा गुडघा कसा आहे? तुमच्या गारगोटीच्या त्या नव्या डॉक्टरचं तेल लावतेस की बाटली नुसतीच खिडकीत ठेवली आहेस? माझी प्रकृती उत्तम. रक्तदाब उत्तम. इथली हवा तर इतकी उत्तम आहे की दुसरं काहीच नसल्यामुळे दिवसभर तीच घ्यावी लागते. फोन न करता पत्र का लिहिते आहे, हे तू विचारशीलच. तू फोनचा स्पीकर लावतेस, रशिदा. मागच्या वेळी मी माझ्या पोटाची तक्रार सांगत होते आणि पलीकडून चमनभाई म्हणाले, भाभी, ओवा खा.

तर आमचं सगळं छान चाललं आहे. विजयने गावातलं घर विकून इथे बंगला बांधला हे तुला माहीत आहेच. कॉलनीचं नाव 'हरितवन'. परवापरवापर्यंत इथे ऊस होता, तेव्हा नाव काही नव्हतं आणि हिरवं होतं. आता एक्केचाळीस बंगले आहेत, प्रत्येकाला स्वतंत्र भिंत, स्वतंत्र फाटक, स्वतंत्र कुत्रा आणि दोन दोन गाड्या. गच्चीवरून पन्हाळा दिसतो. पहिल्या दिवशी मी तो अर्धा तास पाहिला. दुसऱ्या दिवशीही तो तिथेच होता.

(उठले होते. बाहेर कुणाची तरी चाहूल लागली म्हणून फाटकापर्यंत गेले. कुणी नव्हतं. हल्ली मला बसवतच नाही. बसले की वाटतं कुठेतरी जायचं राहिलं आहे, आणि उठले की आठवतं की जायला काही नाही.)

कोथिंबिरीची गोष्ट सांगते, म्हणजे तुला अंदाज येईल. गावातल्या घरी आमटीला फोडणी देऊन मी खाली उतरायचे, कोपऱ्यावर बनाबाईकडून कोथिंबीर घ्यायचे, तिच्या सुनेची चौकशी करायचे आणि आमटीला उकळी यायच्या आत वर यायचे. इथे सगळ्यांत जवळची कोथिंबीर चार किलोमीटरवर आहे. चूक माझीच, सकाळी यादी सांगताना मी विसरले. संध्याकाळी स्वप्नाली बँकेतून दमून आली, पर्स न ठेवता तशीच मागे फिरली आणि गाडी काढून कोथिंबीर घेऊन आली. एका जुडीसाठी एवढं धूड आठ किलोमीटर हललं! मी ती कोथिंबीर आमटीत घातली खरी, पण खाताना एकेक पान ताटाच्या कडेला काढून ठेवलं. सून इतकी गुणी असली की फार पंचाईत होते. भांडताही येत नाही. विजयही तसाच. रोज सकाळी निघताना म्हणतो, "आई, कुठं जायचं असलं तर सांग, सोडतो की." पण सोडतो म्हटलं की न्यायला किती वाजता येऊ हेही लगेच ठरतं. मग मैत्रिणीकडच्या गप्पा, वाचनालय, देऊळ, सगळं त्या दोन वेळांच्या मध्ये कोंबावं लागतं. मी आयुष्यात कधीही ठरलेल्या वेळी गप्पा संपवलेल्या नाहीत, तू साक्ष आहेस.

असो. महिन्यापूर्वी पेपरात नोटीस आली. शहराचा हवामानाचा आराखडा तयार होतो आहे: धूर कमी कसा करायचा, बस किती हव्यात, शहर आणखी शेतात पसरू द्यायचं की आहे त्या बसरस्त्यांच्या कडेनेच दाटीने वसवायचं. त्यावर नागरिकांनी हरकती व सूचना लेखी द्याव्यात. आमचे चेअरमन (रिटायर झालेले आहेत आणि तेव्हापासून त्यांना सभा घेतल्याशिवाय झोप येत नाही) यांनी लगेच सभा घेतली. ठराव झाला की बस कॉलनीच्या फाटकापर्यंत आली पाहिजे, आणि शिवाय फाट्यापासूनचा रस्ता दुप्पट रुंद झाला पाहिजे. अर्ज कुणी लिहायचा? माझं अक्षर कॉन्व्हेंटचं म्हणून मला सेक्रेटरी केलं. मी घरोघरी फिरून एक्केचाळीस सह्या आणल्या. प्रत्येक घरी चहा झाला, आणि प्रत्येक घरी मी सहज विचारलं की बस आली तर तुम्ही बसाल ना? रशिदा, सगळे दचकले. आम्ही कशाला, म्हणाले, आम्हाला गाड्या आहेत. बस म्हणजे कामाच्या बायकांसाठी, आणि उद्या घर विकायचं झालं तर सांगायला बरं. मग कामाच्या बाईंनाच विचारावं म्हणून आमच्या धोंडुबाईंना विचारलं. त्या फाट्यापासून रोज अडीच किलोमीटर चालत येतात. कपडे पिळता पिळता म्हणाल्या, "बस यील तवा यील बाई. माझं पाय आल्यात की." त्यांची सही घ्यावी असं मी सुचवलं. चेअरमन म्हणाले, त्या कॉलनीच्या रहिवासी नाहीत.

गुरुवारी अकराला सुनावणी होती. विजय म्हणाला सोडतो. मी म्हटलं, बसबद्दलचा अर्ज द्यायला गाडीतून उतरले तर शोभेल का? (खरं सांगू, मला एकटीला जायचं होतं.) मी माझ्या निळ्या कापडी पिशवीत तपकिरी पाकिटातला अर्ज ठेवला, जेवणाचा डबा ठेवला, छत्री ठेवली, आणि एक पांढरं पाकीटही ठेवलं. त्यात तुला लिहिलेलं पत्र होतं. इथे पोस्टाची पेटी नाही, म्हणून गावात टाकावं म्हटलं. पाकिटावर पत्ता घालायचा राहिला होता, तो पोस्टात उभ्याने घालणार होते. हे पांढरं पाकीट लक्षात ठेव.

फाट्यापर्यंत चालत गेले. बस पन्हाळ्याकडून आली ती कॉलेजच्या मुलांनी भरलेलीच आली. दारापाशी जत्रा. माझ्यात दोन बायका राहतात हे मला त्या दिवशी कळलं. एक सिस्टर फिलोमिनांची, ती जागच्या जागी रांगेत उभी राहिली आणि एक्सक्यूज मी म्हणू लागली. दुसरी तुझी. तिला पुढच्या खिडकीत एक रिकामी जागा दिसली, आणि मला विचारल्याशिवाय तिने माझ्या हातातली पिशवी उचलून त्या खिडकीतून आत फेकली. नेम, रशिदा, असा बसला की तू असतीस तर टाळ्या वाजवल्या असत्यास. पिशवी सीटच्या बरोबर मध्यभागी बसली. मग सिस्टरांच्या बाईने सभ्यपणे सर्वांना आधी चढू दिलं. सगळे चढले. बस निघाली. माझी पिशवी खिडकीजवळ ऐसपैस बसून कोल्हापूरला गेली आणि मी फाट्यावर उभी.

आरडाओरडा कॉन्व्हेंटमध्ये शिकवत नाहीत. मी हात वर करून 'अहो' म्हटलं. मागून दुधाचा टेम्पो आला, तो तोहिद नावाच्या एका भल्या माणसाचा. त्याने सगळं पाहिलं होतं. "पिशवी गेली की ओ आज्जी! बसा पुढं, गाठूया तिला," म्हणाला. गाठू कसली, दर दोन मिनिटांनी तो थांबून डेअरीचे कॅन चढवत होता. प्रत्येक ठिकाणी लोकांना सांगत होता, "ह्या आज्जींची पिशवी एसटीनं पुढं गेलीया." बायका येऊन माझं सांत्वन करत होत्या. एकीने पेलाभर ताक दिलं. एक म्हणाली, पिशवी तर पिशवी, आमच्या मुरगूडच्या पाहुण्यांचं बाळंतविड्याचं गाठोडं असंच कागलला गेलतं. खोटं कशाला बोलू, इथे आल्यापासून आठ महिन्यांत मी एका सकाळी इतक्या माणसांशी बोलले नव्हते. सुनावणीला उशीर होत होता आणि माझ्या मनात येत होतं की आणखी एखादं गाव लागावं.

तिकडे काय झालं, ते मला नंतर कळलं. कंडक्टर मोना नावाची तरतरीत मुलगी आहे. स्टँडवर तिने बेवारस पिशवी उघडली, तपकिरी पाकिटावर 'सुनावणी, आज ११ वाजता' असं वाचलं आणि तिच्या चहाच्या सुट्टीत चालत जाऊन पिशवी त्या कार्यालयाच्या आवक खिडकीवर देऊन आली. खिडकीतला कारकून कर्तव्यदक्ष निघाला. त्याने आलेल्या सगळ्याची नोंद केली: डबा एक, छत्री एक, पाकिटे दोन. आणि दोन्ही पाकिटे उघडून दोन्हींवर शिक्का मारला. पांढरं हरकत क्रमांक सत्त्याऐंशी, तपकिरी अठ्ठ्याऐंशी.

मी अंगाला दुधाचा वास घेऊन सभागृहात पोहोचले तेव्हा चौऱ्याऐंशी चालू होती. एक गृहस्थ कागद वाचून दाखवत होते, एकाच सुरात, आणि कुणी ऐकत नव्हतं. त्यामुळे त्यांनी त्याच सुरात "हरकत क्रमांक सत्त्याऐंशी. प्रिय रशिदा, तुझा गुडघा कसा आहे" असं वाचलं तेव्हा कुणाच्याच लक्षात आलं नाही. माझ्या लक्षात आलं. पण सिस्टरांनी शिकवलं होतं की कुणी वाचत असताना मध्ये बोलायचं नाही. मी दोनदा हात वर केला. ते वाचत राहिले:

"विजय चांगला, सून त्याहून चांगली, म्हणून तक्रार कुणाकडे करावी कळत नाही. काल मी फाटकापाशी जाऊन पाऊण तास उभी राहिले आणि कुठेच गेले नाही. समोरचा कुत्रा आधी भुंकला, मग कंटाळून झोपला. आम्ही सगळे मिळून बस दारात मागतो आहोत. पण तिने बिचारीने एवढ्या लांब एकेकाच्या दाराशी का यावं? त्यापेक्षा मीच तिच्या वाटेवर राहायला गेले तर ती सरळ तरी जाईल. मला कुणी न्यायला नको आहे, रशिदा. मला जायचं आहे."

एव्हाना सगळे ऐकू लागले होते. मधल्या खुर्चीवरच्या अधिकारी बाईंनी (माझ्या सुनेच्या वयाच्या असतील) पेन खाली ठेवलं आणि अर्जदार हजर आहेत का विचारलं. मी उभी राहिले. हात आपोआप पाठीमागे गेले. त्या म्हणाल्या, आजी, तुमची नेमकी मागणी काय? माझी मागणी अठ्ठ्याऐंशी नंबरला होती, पण तोंडातून निघालं ते असं: "घरात चहा ओतून ठेवावा, आणि तो गार व्हायच्या आत माणूस बसस्टॉपवर पोहोचलेला असावा. एवढ्याच अंतरावर घरं बांधा." लोक हसले. बाई हसल्या नाहीत. त्यांनी ते लिहून घेतलं. मग अठ्ठ्याऐंशी निघाली आणि त्यांनी आमच्या चेअरमनना (ते त्यांच्या गाडीने आले होते) विचारलं, एक्केचाळीस सह्यांपैकी बसमध्ये कोण कोण बसणार? चेअरमननी मागे वळून पाहिलं. मागे मी एकटी होते. बाई म्हणाल्या, मग ही बस रिकामी येणार, रिकामी जाणार आणि वर धूर सोडणार. तेवढ्या फेऱ्या आपण जिथे माणसं स्टॉपवर ताटकळत उभी आहेत तिथे वाढवू. चेअरमन जाता जाता मला म्हणाले, "सेक्रेटरीबाई, लई भारी केलासा."

मी मान वर केली तर दारात विजय. तोहिदने वाटेत माझ्याकडून नंबर घेऊन फोन केला म्हणून कारखान्यातून धावत आला होता, आणि पोहोचून पाऊण तास झाला होता, पण तेवढा वेळ तो गाडी लावायला जागा शोधत कार्यालयाभोवती घिरट्या घालत होता. जागा मिळाली आणि नेमका सत्त्याऐंशीला वर आला. त्याने मला गाडीत बसवलं. पंचगंगेच्या पुलावर आल्यावर म्हणाला, "आई, तुला तिथं करमत न्हाय, हे मला हापिसातल्या माणसाच्या तोंडनं कळावं व्हय?" इंजिनियर झाल्यापासून तो माझ्याशी शुद्ध बोलतो. कळ लागली की त्याची भाषा त्याच्या आज्जीची होते. मी म्हटलं, अरे, ते उगीच एका उदास दुपारी लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने माझ्यासाठी ड्रायव्हर बघायला सुरुवात केली.

तर असं आहे. मूळ पत्र तुला मिळणार नाही. आराखडा मंजूर होईपर्यंत ते फायलीत राहील असं कारकून म्हणाला (डबा परत दिला, सही घेऊन). म्हणून हे दुसरं. त्यातलं रडगाणं तू मनावर घेऊ नकोस. इथे मला काही कमी नाही, मुलं जिवाला जपतात, आणि माणसाला किती लागतं? अम्मीजानना पुन्हा आदाब. चमनभाईंनी इथपर्यंत मोठ्याने वाचलं असेल तर त्यांना आता पाणी दे.

तुझीच,
संयोगिता

ता. क. हे पान वेगळं आहे आणि घडी उलटी घातली आहे. चमनभाईंच्या हातून काढून घे आणि स्वयंपाकघरात जाऊन वाच.

ता. क. दोन. वर 'मला काही कमी नाही' म्हटलं ते खरं नाही. कोल्हापुरातल्या तुझ्या माहेरच्या दुकानावरच्या दोन खोल्या तुझा भाऊ गेल्यापासून बंद आहेत. समोर बसस्टॉप, खाली शिंपी, बाजूला भाजीवाली. गुरुवारी सभागृहात मी चहाचं बोलले तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुझाच जिना होता. मला तिथे राहायचं आहे, रशिदा. जिना चढता येतो तोवर.

ता. क. तीन. अडचण विजयची आहे. रागाची नाही, रागाचं निभावलं असतं. त्याला वाटतं लोक म्हणतील, एवढा बंगला बांधला आणि आईला दुसऱ्याच्या खोलीत ठेवलं. म्हणून हे माझ्याकडून नको, तुझ्याकडून आलं पाहिजे. तू त्याला लिही, 'खोल्या बंद राहून भिंतींना ओल धरली आहे, परक्याला द्यायचा धीर होत नाही, तुझ्या आईला वर्षभर पाठवून माझ्यावर एवढे उपकार कर.' माझ्या ऑपरेशनच्या वेळी महिनाभर तो तुझ्या हातचं जेवला आहे, तुला तो नाही म्हणणार नाही. मजकूर मी सोबत लिहून दिला आहे. भूगोलाची वही उतरवायचीस तसा तुझ्या अक्षरात उतरवून काढ, आणि एकदोन चुका राहू दे, नाहीतर त्याला संशय येईल. मी दर रविवारी बंगल्यावर जेवायला येईन आणि आम्ही सगळे गच्चीवरून पन्हाळा पाहू, हेही त्यात आहे. ते मात्र मी मनापासून लिहिलं आहे.

ता. क. चार. हे सगळं उद्या निळ्या पिशवीतून मोना आणून देईल. दुपारी तिची ड्युटी गारगोटी गाडीवर असते. तिचे आभार मानायला मी स्टँडवर गेले होते (बसने, पिशवी छातीशी धरून). ती म्हणाली, "आज्जी, पिशवी टाकली तर टाकली, पर मागनं माणसानं बी यायचं असतंय की." तेव्हा पिशवीतलं असं वाटून दे:

काकवीची बाटली अम्मीजानना. झाकण घट्ट आहे, चमनभाईंना उघडायला सांग. तिखट चटणीची पुडी चमनभाईंना, ओव्याच्या सल्ल्याबद्दल. चिंचेच्या गोळ्या तुला. अर्ध्या मोनाला दे आणि सांग की गणपतरावांच्या अर्ध्या तिकिटाचं देणं बाकी होतं. मजकुराचा कागद उतरवून झाला की चुलीत. विजयचं पत्र विजयला, पोस्टाने, बंगल्याच्या पत्त्यावर. खोल्यांची दुसरी किल्ली मोनाच्या हाती आणि तिच्याकडून माझ्याच हाती. विजय गाडी घेऊन स्वतः दारात आला तरी त्याला चहा दे, किल्ली नको.

आणि ही निळी पिशवी परत पाठवू नकोस. येत्या गुरुवारी तू डोळे दाखवायला कोल्हापूरला येशील, तेव्हा जिना चढून ती वरच्या खोलीत खिडकीजवळ ठेवून दे. तिला जागा मिळते. मी मागून येते.